शब्द तोच, अर्थ वेगळा : वाचकांचे प्रश्न

कर्म, उपवास, गोत्र, निर्माल्य हे शब्द हिंदू घरातही असतात आणि जैन घरातही. अनोळखी शब्द असला की माणूस विचारून घेतो. ओळखीचा असला की विचारत नाही आणि तिथंच फसतो. या वेळी आलेली बहुतेक पत्रं अशाच फसगतीची आहेत.

शेजारच्या भाभींनी ‘अठ्ठम’ केला. आठ दिवसांचं तप समजून नवव्या दिवशी सकाळी आम्ही साबुदाण्याची खिचडी घेऊन पारण्याला गेलो. त्यांचं पारणं पाच दिवसांपूर्वीच झालं होतं, आणि खिचडीही त्यांनी घेतली नाही. आमचं काय चुकलं?
– एक वाचक, इचलकरंजी

दोन गोष्टी चुकल्या. पहिली हिशेबाची. अठ्ठममधले आठ म्हणजे दिवस नव्हेत, सोडलेली जेवणं. जुन्या हिशेबात दिवसाची जेवणं दोन. उपवासाच्या आदल्या दिवशी एक जेवण सोडायचं, उपवासाच्या दिवशी दोन्ही आणि पारण्याच्या दिवशी पुन्हा एक. म्हणजे एका उपवासाला चार जेवणं गेली. म्हणून एका उपवासाचं शास्त्रातलं नाव ‘चउत्थभत्त’. लागोपाठ दोन उपवास केले की सहा जेवणं, तो छठ्ठ. तीन केले की आठ, तो अठ्ठम. आज आदल्या-नंतरच्या दिवशी एकवेळ जेवण्याचं बंधन सगळेच पाळत नाहीत, नावं मात्र तीच राहिली. आठ दिवसांच्या उपवासाला ‘अठाई’ म्हणतात आणि महिन्याच्या उपवासाला ‘मासखमण’.

दुसरी चूक खिचडीची. आपल्याकडे उपवास म्हणजे धान्य बंद आणि फराळ सुरू. जैन उपवासात फराळ नसतोच. तिविहार उपवासात फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी; चौविहारात तेवढंही नाही. खिचडीतला बटाटा तर उपवास नसतानाही चालत नाही, कारण तो अनंतकाय: एका शरीरात अनंत जीव. रताळं, सुरण, गाजर, मुळा, बीट, कांदा, लसूण, आलं, ओली हळद हे सगळं त्यात आलं. सुंठ आणि हळदपूड चालते, कारण ती वाळलेली. शेंगदाणा जमिनीखाली येतो खरा, पण तो कंद नव्हे, शेंग, तो चालतो. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. काही घरांत खातात, काहींत नाही. विचारून घ्यावं, अंदाज करू नये.

पारण्याला काही न्यायचंच असेल तर मुगाचं पाणी किंवा भाताची पेज न्या, तीही पातळ आणि थोडी. पुष्कळ दिवस रिकाम्या राहिलेल्या पोटावर पहिल्याच दिवशी तुपातला शिरा आणि मिठाई पडली की उलटी, जुलाब, चक्कर हे ठरलेलं. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तप सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. उपाशीपोटी रोजचीच मात्रा घेणं धोक्याचं असतं. भेटायला गेल्यावर ‘किती दिवस झाले?’ यापेक्षा ‘शातेत (सुखात) आहात ना?’ असं विचारलेलं बरं वाटतं.

पाहुणा नवकारसी किंवा पोरिसीचं पच्चक्खाण, म्हणजे त्या वेळेपर्यंत काही न खाण्यापिण्याचा नेम, करणारा असेल तर चहाची वेळ काढता यायला हवी. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते, म्हणजे एक मुहूर्त किंवा दोन घटिका. पोरिसी एका प्रहरानं. आणि प्रहर म्हणजे डोळे मिटून तीन तास नव्हेत, तर त्या दिवसाच्या दिनमानाचा चौथा भाग. समजा सूर्योदय ६.१० ला आणि सूर्यास्त ६.५८ ला आहे. दिनमान १२ तास ४८ मिनिटं, प्रहर ३ तास १२ मिनिटं. नवकारसी ६.५८ ला, पोरिसी ९.२२ ला, दीड प्रहराची साढपोरिसी १०.५८ ला, दोन प्रहरांचं पुरिमड्ढ १२.३४ ला. मुंबईचा तक्ता लावून नागपुरात वेळ काढू नका. दोन्हीकडच्या सूर्योदयात साधारण पंचवीस मिनिटांचा फरक पडतो.

पाण्याचंही तसंच. गाळून तीन उकळ्या आलेलं पाणी कायमचं ‘पक्कं’ नसतं. श्वेतांबर परंपरेत पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर ते चालतं. दिगंबर घरांत उकळलेलं पाणी आठ प्रहर, म्हणजे २४ तास धरतात. काल रात्री उकळून फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली पुढे करण्याआधी हे लक्षात असू द्या.

कर्म म्हणजे आपली कृती आणि तिचं फळ, असं आम्ही शिकलो. जैन प्रवचनात मात्र कर्म ‘चिकटतं’, ‘झडतं’, ‘खपवतात’ असं ऐकलं. ही नुसती बोलण्याची पद्धत आहे का?
– एक वाचक, नाशिक

नाही, ते शब्दशः घ्यायचं आहे. जैन मतात कर्म हे द्रव्य आहे: पुद्गलाचे, म्हणजे जड पदार्थाचे, अतिसूक्ष्म कण.

आधी ओळखीची बाजू. वेदान्ताच्या परंपरेत कर्माचे तीन भाग करतात. संचित म्हणजे कणगीत साठलेलं धान्य, प्रारब्ध म्हणजे त्यातलं शिजवून ताटात वाढलेलं, क्रियमाण म्हणजे सध्या शेतात पेरत आहोत ते. ज्ञान झालं की कणगी जळून जाते, पण ताटातलं संपवावंच लागतं. फळ देणारा ईश्वर. हे शेवटचं सगळ्या हिंदू दर्शनांना मान्य आहे असं मात्र समजू नका: मीमांसक ईश्वराला मध्ये आणत नाहीत, यज्ञातून ‘अपूर्व’ नावाची शक्ती उपजते आणि तीच फळ देते, असं ते सांगतात.

जैन मांडणीत फळ देणारा कोणीच नाही. कण आणि जीव यांच्यातच सगळा व्यवहार. मन, वाणी आणि काया हलली की कण जीवाकडे ओढले जातात. हा आस्रव. पण ओढले गेले म्हणून टिकतीलच असं नाही. कोरड्या भिंतीवर टाकलेली धूळ खाली पडते, तेलकट भिंतीवर बसते. क्रोध, मान, माया, लोभ हे ते तेल. त्यांना कषाय म्हणतात. कण बसला की बंध, येणं अडवलं की संवर, बसलेले झडले की निर्जरा, सगळे झडले की मोक्ष. तुम्ही ऐकलेलं ‘खपवणं’ म्हणजे क्षय करणं. मराठीतल्या माल खपण्याशी त्याचा संबंध नाही.

बंधाचे चार प्रकार समजावताना कर्मग्रंथांनी दिलेला दाखला मराठी माणसाला लगेच पटावा असा आहे: मोदकाचा. सुंठ घातलेला मोदक वात शमवतो, दुसऱ्या जिनसाचा आणखी काही करतो. हा त्याचा स्वभाव, ही प्रकृती. एखादा चार दिवस टिकतो, एखादा महिना, ही स्थिती. एखादा खूप गोड, एखादा जेमतेम गोड, एखादा कडवट. हा रस किंवा अनुभाग. एखादा छटाकभर सारणाचा, एखादा पावशेराचा, हा प्रदेश. (हा मोदक लाडवासारखा कोरडा समजायचा. आपल्या उकडीच्या मोदकाला महिन्याची स्थिती कुठली!) यातली प्रकृती आणि प्रदेश हालचालीवर ठरतात, स्थिती आणि रस कषायावर. एकच थप्पड रागानं मारली आणि नाटकात मारली, तर हात तेवढाच हलतो, पण चिकटणाऱ्या कर्माची मुदत आणि तीव्रता वेगळी.

प्रकृती आठ. ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, मोहनीय आणि अंतराय ही चार घाती, कारण ती जीवाच्या मूळ गुणांवरच घाव घालतात. वेदनीय, आयु, नाम आणि गोत्र ही चार अघाती. ती शरीर, आयुष्य, सुखदुःख यांची व्यवस्था लावतात. चार घाती गेली की अरिहंत, आठही गेली की सिद्ध. मोहनीय सगळ्यांत चिवट: त्याची कमाल मुदत ७० कोडाकोडी सागरोपम सांगितली आहे. कोडाकोडी म्हणजे कोटी गुणिले कोटी, एकावर चौदा शून्यं. आणि सागरोपम हे तर वर्षांत मोजायचं मापच नव्हे.

या यादीत ‘गोत्र’ दिसलं की संकल्पातलं काश्यप, भारद्वाज डोळ्यांपुढे आणू नका. ते ऋषींवरून आलेलं गोत्र, विवाह जुळवताना पाहायचं. गोत्रकर्म म्हणजे उच्च किंवा नीच कुळात जन्म देणारं कर्म.

निर्जरेचे दोन प्रकार आहेत. मुदत भरली की कर्म फळ देऊन आपोआप गळतं. ती सविपाक निर्जरा, झाडावर पिकून पडलेल्या आंब्यासारखी. तपानं ते मुदतीआधी पिकवून काढलं तर अविपाक, अढीत पिकवलेल्या आंब्यासारखी. हा दाखलाही जुन्या टीकाकारांचाच. उपवास जैनांना एवढा महत्त्वाचा का, ते यावरून कळावं. तो देवाला प्रसन्न करण्यासाठी नसून अढी लावण्यासाठी आहे.

स्पर्धा परीक्षेच्या सराव संचात ‘अधर्म’ हे जैनांच्या सहा द्रव्यांपैकी एक आहे, असं उत्तर होतं. अधर्माला कुठला धर्म द्रव्य मानेल? छपाईची चूक आहे का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर बरोबर आहे. जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश, काल ही सहा द्रव्यं. इथं धर्म-अधर्माचा पुण्य-पापाशी काही संबंध नाही. धर्म म्हणजे गतीचं माध्यम: पाणी माशाला ढकलत नाही, पण पाण्याशिवाय मासा पोहू शकत नाही. अधर्म म्हणजे थांबण्याचं माध्यम: झाडाची सावली वाटसरूला ओढून बसवत नाही, पण बसायचं म्हटलं तर ती हवी. दोन्ही लोकभर, म्हणजे विश्वभर, पसरलेली, अमूर्त आणि स्वतः निष्क्रिय. परीक्षेत आणखी एक ध्यानात ठेवा: काल सोडून उरलेल्या पाचांना ‘अस्तिकाय’ म्हणतात.

संथारा, प्रायोपवेशन आणि संजीवन समाधी हे एकच का? आणि याला आत्महत्या का म्हणायचं नाही?
– एक वाचक, वर्धा

तिन्ही वेगळे आहेत. संजीवन समाधी हा योगमार्गातला शब्द. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला घेतली ती. प्रायोपवेशन म्हणजे निश्चयानं अन्नपाणी सोडून बसणं. भागवतातला परीक्षित गंगाकाठी असाच बसतो. महाराष्ट्रात हा शब्द नव्यानं रुळला तो १९६६ साली, सावरकरांनी अन्न-औषध सोडून देह ठेवला तेव्हा.

सल्लेखना म्हणजे नीट कृश करणं. काया आणि कषाय, दोन्ही. संथारा हा त्याचाच श्वेतांबरांकडे रुळलेला शब्द, मूळ अर्थ अंथरूण. जुने दिगंबर आचार्य समंतभद्र यांनी प्रसंग मोजून दिले आहेत: टळू न शकणारा उपसर्ग (संकट), दुष्काळ, म्हातारपण, रोग, आणि या सगळ्यांना लावलेलं विशेषण ‘निष्प्रतीकार’, म्हणजे ज्यावर उपाय उरलेला नाही असं. उपाय असेल तर सल्लेखना नाही. धडधाकट माणसाला, निराश झालेल्याला, घरच्यांशी भांडून निघालेल्याला ती नाही. आचार्यांची परवानगी लागते, आणि सगळ्यांना क्षमा करून, सगळ्यांची क्षमा मागून मगच सुरुवात होते. आहार टप्प्याटप्प्यानं सुटतो, एका फटक्यात नव्हे.

आत्महत्येपासूनचा फरक अतिचारांच्या, म्हणजे दोषांच्या, यादीत सर्वांत स्पष्ट दिसतो. दोष पाच: आणखी जगावंसं वाटणं, लवकर मरावंसं वाटणं, मित्रांची ओढ, भोगलेल्या सुखांची आठवण आणि पुढच्या जन्मी अमुक मिळावं अशी मागणी. म्हणजे मरणाची इच्छा हाच व्रतभंग. ज्याला मरायचंच आहे तो या व्रताला अपात्र ठरतो.

हे झालं शास्त्राचं. व्यवहारात प्रश्न उरतोच: शुद्ध हरपलेल्या आजीच्या वतीनं घरच्यांनी संथारा ‘देणं’ कितपत योग्य? जिथं संमतीवरच व्रत उभं आहे तिथं ती दुसऱ्यानं कशी द्यायची, असं आमचं स्पष्ट मत आहे. राजस्थान उच्च न्यायालयानं १० ऑगस्ट २०१५ रोजी संथारा गुन्हा ठरवला. त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०१५ रोजी स्थगिती दिली. महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण आचार्य शांतिसागर महाराजांचं. दृष्टी जाऊ लागल्यावर, जीव पाहून पाऊल टाकता येत नाही म्हणून त्यांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. १८ सप्टेंबर १९५५ रोजी तिथंच देह ठेवला.

मैत्रिणीबरोबर जैन मंदिरात गेले होते. वाटीतलं पाणी तीर्थ समजून तळहातावर घेऊन प्यायले, तर सगळे बघत राहिले. प्रसादही मिळाला नाही. तांदळाचं स्वस्तिक काढताना वर चंद्रकोर का काढतात?
– एक वाचक, कोल्हापूर

ते गंधोदक, अभिषेकाचं पाणी. ते प्यायचं नसतं. शेजारी साध्या पाण्याची वाटी असेल तर आधी बोटं धुवायची, मग दोन-तीन बोटं गंधोदकात बुडवून कपाळाला, डोळ्यांना आणि डोक्याला लावायची. जमिनीवर थेंब सांडू नये, पायाखाली येतो. घाबरायचं कारण नाही, नवख्या माणसाकडून हे होतंच.

प्रसाद नसण्याचं कारण सरळ आहे. तीर्थंकर वीतराग, म्हणजे राग-लोभ सुटलेले, ते काही घेत नाहीत, म्हणून परतही देत नाहीत. वाहिलं ते सोडलं. दिगंबर परंपरेत वाहिलेल्या सगळ्या द्रव्याला निर्माल्य म्हणतात आणि श्रावकानं ते खाणं दोष मानतात. आपल्या घरी निर्माल्य म्हणजे कालची कोमेजलेली फुलं. तिथं ताजा लाडू आणि अख्खा नारळही निर्माल्यच. गुजरातेत महुडीला सुखडी प्रसाद म्हणून मिळते आणि आवारातच संपवावी लागते, पण ती घंटाकर्ण वीर या रक्षक देवाची, तीर्थंकरांची नव्हे.

स्वस्तिक असं काढतात: पाटावर मूठभर अखंड तांदूळ घ्यायचे. तुकडा तांदूळ नको. अक्षत म्हणजेच न तुटलेलं. खाली स्वस्तिक. त्याच्या चार भुजा म्हणजे चार गती: देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे), नरक. त्यावर आडव्या ओळीत तीन ढिगल्या: दर्शन, ज्ञान, चारित्र. सर्वांत वर चंद्रकोरीसारखी सिद्धशिला आणि तिच्यावर एक ढिगली, मुक्त जीवांची. श्वेतांबर मंदिरात खडीसाखर किंवा मिठाई स्वस्तिकावर ठेवतात आणि फळ सिद्धशिलेवर. नवखे हे उलट करतात, आणि मग चित्राचा अर्थच उलटतो: मोक्षाचं फळ चार गतींच्या फेऱ्यात जाऊन बसतं. आपल्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाचा हेतू वेगळा, तो मंगलाचा. त्यात हळदीकुंकू आणि चार टिंबं येतात, चंद्रकोर येत नाही.

हिंदी पुस्तिकेत पर्युषण भाद्रपद कृष्ण द्वादशीला सुरू, आमच्या कॅलेंडरात श्रावण वद्य द्वादशीला. खरं कुठलं?
– एक वाचक, जळगाव

दोन्ही, दिवस एकच. महाराष्ट्रात आणि गुजरातेत महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून शुद्ध पक्षात महिन्याचं नाव सारखंच असतं. वद्य पक्षात उत्तरेचं नाव एक महिना पुढे जातं. वद्य पक्षातली तिथी हिंदी पुस्तिकेत दिसली की महिना एक मागे घ्या. महावीर निर्वाण तिथं कार्तिक अमावास्येला लिहिलेलं असतं, ती आपली आश्विनातली लक्ष्मीपूजनाची अमावास्या. दिगंबरांची क्षमावाणी, म्हणजे क्षमा मागण्याचा दिवस, आश्विन कृष्ण प्रतिपदेला, म्हणजे आपल्या भाद्रपद वद्य प्रतिपदेला.

संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, शुद्ध पक्षात असल्यानं तिथं हा घोळ नाही: श्वेतांबर मूर्तिपूजकांची भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, म्हणजे बहुधा गणपती बसतात त्याच दिवशी, बहुतेक स्थानकवासी आणि तेरापंथी (मूर्तिपूजा न करणारे श्वेतांबर) पंचमीला करतात. दिगंबरांचं दशलक्षण पर्व त्या पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला संपतं.

कॅलेंडरात कधी कधी लागोपाठ दोन दिवस एकादशी असते, स्मार्त आणि भागवत. आम्ही माळकरी नाही. कुठली धरायची?
– एक वाचक, पुणे

तुम्ही माळकरी नाही आणि घरात वैष्णव दीक्षा नाही, तेव्हा स्मार्त धरा. वारकरी आणि इतर वैष्णव भागवत धरतात. फरक दशमीच्या वेधाचा, म्हणजे दशमी एकादशीला कुठवर शिवते याचा. स्मार्त सूर्योदयाला तिथी पाहतात, भागवत अरुणोदयाला. आणि अरुणोदय म्हणजे सूर्योदयाआधीच्या चार घटिका, ९६ मिनिटं. सूर्योदय ६.१० ला असेल तर अरुणोदय ४.३४ ला. दशमी ५.०५ ला संपली तर सूर्योदयाला एकादशीच आहे, स्मार्तांचा उपवास त्याच दिवशी. पण अरुणोदयाला दशमी होती, म्हणून भागवतांच्या दृष्टीनं ती एकादशी विद्ध झाली. त्यांचा उपवास दुसऱ्या दिवशी. दशमी ४.१० लाच संपली असती तर वेधच नव्हता. तिथीची वृद्धी-क्षय झाल्यावर आणखी पोटनियम लागतात, ते पंचांगकर्त्यांवर सोडावेत. परदेशातल्यांनी मात्र पुण्या-मुंबईचं कॅलेंडर तसंच लावू नये. तिथल्या सूर्योदयाचं पंचांग पाहावं.

उपवासापेक्षा जास्त चुका बारस सोडताना होतात. द्वादशीचा पहिला चतुर्थांश म्हणजे हरिवासर, त्यात पारणं करायचं नसतं. द्वादशी बुधवारी पहाटे ३ ला लागून गुरुवारी पहाटे ३ ला संपत असेल तर हरिवासर बुधवारी सकाळी ९ पर्यंत. सातला आंघोळ करून लगेच पान वाढलं तर घाई झाली. याउलट द्वादशीच सकाळी साडेसातला संपत असेल तर पारणं त्याआधी. स्वयंपाक व्हायचा असेल तर पाणी पिऊन पारणं करायची मुभा आहे, जेवण सावकाश झालं तरी चालतं.